रस्ता रखडला, मावेजा कुणाला?

खंडपीठाच्या कामासाठी नांदेडहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या प्रत्येकाला बीड बायपास ठाऊक आहे. दरवाजांच्या या ऐतिहासिक शहराबाहेरून अवजड वाहने जावीत म्हणून तो झाला. पुढे शहरच त्याच्या दोन्ही अंगांना पसरले आणि बायपासवर माणसे मरू लागली. मग सोलापूर-धुळे महामार्गासाठी निपाणी ते करोडी असा सुमारे ३० किलोमीटरचा नवा बायपास ठरला. तोही वर्षानुवर्षे रखडला.

रस्ता रखडला की वृत्तपत्रे वाहनचालकांचे हाल छापतात. छापावेतच. पण जमीन कुणाची गेली, हा प्रश्न सातबाऱ्यावर संपतो. सातबारावाल्याच्या बाजूने कायदा हळूहळू का होईना सुधारला. महामार्गासाठीच्या संपादनातही दिलासा रक्कम आणि व्याज द्यावेच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तरसेम सिंग प्रकरणात ठरवले. शेतकऱ्याला न्याय मिळाला, आनंदच आहे.

आमच्या गायरानधारकाचे काय? १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, माणसे बायकापोरांसह तुरुंगात गेली. त्याच हिमतीवर मराठवाड्यात लोकांनी गायराने कसली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानुसार १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित व्हायची होती. कित्येकांच्या फायली तहसीलमध्येच राहिल्या.

आता रस्त्याच्या आखणीत असे गायरान आले की ते संपादित होत नाही. सरकारची जमीन सरकारच्याच दुसऱ्या खात्याकडे वर्ग होते. संपादन नाही म्हणून निवाडा नाही, निवाडा नाही म्हणून मावेजा नाही! २०१३ चा भूसंपादन कायदा जमीन नसलेल्या, पण तीन वर्षे तिथे राबणाऱ्या शेतमजुराला, वाटेकऱ्यालाही बाधित कुटुंब मानतो. तीस वर्षे नांगर धरणारा मात्र अतिक्रमणाची नोटीस घेऊन आमच्याकडे येतो, तीही पोकलेन उभा राहिल्यावर. तेव्हा वकील तरी काय करणार?

जालना-नांदेड द्रुतगती मार्गाच्या निमित्ताने मावेजाचा वाद आपल्या दारात आला आहे. गायरानधारक बांधवांनी तलाठ्याकडून गाव नमुना एक-ईचा उतारा आजच काढावा. दंडाच्या जुन्या पावत्या फेकू नयेत. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहून विहीर, झाडे, घर आणि कब्जेदार म्हणून आपले नाव पंचनाम्यात लिहायला लावावे. लिहीत नसतील तर त्याच दिवशी भूसंपादन अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि पोहोच घ्यावी. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.