काळा पडदा कधी, पांढरा कधी?

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. दहा बाय बाराच्या खोलीतला दिवा मालवलेला असतो, कारण घरातल्या कर्त्या माणसाला पहाटे उठून पहिल्या पाळीला जायचे असते. आजी कोपऱ्यात झोपलेली, धाकटा मधेच आडवा. आणि भिंतीकडे तोंड करून थोरली मुलगी मोबाईलवर परीक्षेचा अभ्यास वाचत असते. त्या पांढऱ्या पानाचा उजेड खोलीभर पडतो. शेवटी कोणीतरी वैतागून म्हणते, "बंद कर गं तो मोबाईल!" ती बंद करते. त्या दिवसाचा अभ्यास तिथेच राहतो.

वाचक बंधू-भगिनींनो, अभ्यासाची वेगळी खोली ज्यांच्याकडे आहे त्यांना मोबाईलमधला 'डार्क मोड' ही एक हौस वाटत असेल. आपल्याला मात्र तो खरोखर उपयोगी आहे. पान काळे होते, अक्षरे पांढरी दिसतात, खोलीत उजेड पडत नाही, बाकीचे झोपू शकतात आणि वाचणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत.

तसे पाहिले तर यात नवीन काही नाही. पूर्वी कचेऱ्यांतून आणि बँकांतून जे संगणक होते, त्यांच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटत. १९८४ साली आलेल्या अॅपलच्या मॅकिंटॉशसारख्या यंत्रांनी पडदा कागदासारखा पांढरा केला आणि पुढे तीच रीत पडली. मोबाईलमध्ये सगळीकडे एकदम काळा पडदा करण्याची सोय अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत २०१९ साली आली. म्हणजे त्यानंतरचा फोन असेल, अगदी जुन्या बाजारातून घेतलेला असला, तरी त्यात ही सोय बहुधा सापडेलच. 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'डिस्प्ले' उघडावे, तिथे 'डार्क थीम' किंवा 'डार्क मोड' असे लिहिलेले असते. त्यातच वेळ ठरवून देण्याची सोयही असते. संध्याकाळी पडदा आपोआप काळा आणि सकाळी पुन्हा पांढरा असे एकदा ठरवून दिले की रोज बटण शोधत बसायला नको. क्रोमवर वाचणाऱ्यांनी वरच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून 'सेटिंग्ज'मध्ये 'थीम' पाहावी. एवढे करूनही काही संकेतस्थळे पांढरीच राहतात, आणि झेरॉक्ससारखी स्कॅन केलेली पाने तर हमखास. अशा वेळी पडद्याचा उजेड कमी करावा. खरे तर अंधारात आधी तोच कमी करायला हवा, कारण उजेड पूर्ण ठेवला तर काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरेही डोळ्यात टोचतात.

आता दुसरी बाजू. काळा पडदा डोळ्यांना चांगला असतो असे ऐकून पुष्कळ मुले तो दिवसाउजेडीही तसाच ठेवतात. हे बरोबर नाही. आपल्या बाहुलीचे छिद्र उजेडात लहान होते आणि अंधारात मोठे. छिद्र लहान असताना अक्षर रेखीव दिसते, मोठे झाले की कडा किंचित पुसट होतात. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांची चाचणी घेतली. दोघांनाही पांढऱ्यावर काळे हेच अधिक नीट वाचता आले. ज्यांना सिलिंडरचा नंबर आहे त्यांना तर काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे पसरल्यासारखी, भोवती धूसर कडे असल्यासारखी दिसतात. तेव्हा दिवसा, ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीशी बसून वाचताना पडदा पांढराच असू द्यावा. अक्षर बारीक वाटत असेल तर ते मोठे करावे, तीही सोय 'डिस्प्ले'मध्येच असते.

मला सर्वांत काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी येत असे. डोके दुखते म्हणून कोणीतरी तिला डार्क मोड लावून दिला. चार दिवस बरे वाटले, पुन्हा दुखू लागले. डोळे तपासून घे म्हटले तर आईचा विरोध. चष्मा लागला तर मुलीचे लग्न जमवताना अडचण येईल, ही भीती! मुलाच्या चष्म्याला घरात 'अभ्यासू' म्हणायचे आणि मुलीचा चष्मा लपवायचा, हा कुठला न्याय? शेवटी तपासणी झाली, नंबर निघाला आणि डोकेदुखी चष्म्याने थांबली. पडद्याचा रंग बदलून नंबर जात नाही. हीच गोष्ट आपल्या चाळिशी ओलांडलेल्या मंडळींची. मोबाईल हात लांब करकरून वाचायचा, मग पडदा काळा करून पाहायचा, पण चाळिशी लावायची लाज. त्या चष्म्याला आपल्या भाषेत नावच वयाचे पडले आहे, तिथे लाजायचे काय?

डोळे चुरचुरणे, कोरडे पडणे याचे कारणही बहुतेक वेळा रंग नसतो. टक लावून पडदा पाहताना आपण पापण्या फार कमी मिटतो. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. खोलीत वीस फूट कुठून आणणार? दारात उभे राहून समोरच्या इमारतीकडे पाहिले तरी चालते.

दुकानदार 'निळ्या प्रकाशाचा' चष्मा जादा पैसे लावून गळ्यात मारतात, त्याला भुलू नये. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळे खराब होत नाहीत आणि त्यासाठी खास चष्म्याची गरज नाही, असे अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेचे, अमेरिकन अॅकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीचे, स्पष्ट मत आहे.

बॅटरीचेही तसेच. ओएलईडी किंवा अॅमोलेड पडद्यात काळा भाग विझलेला असतो म्हणून वीज वाचते, स्वस्त फोनमधल्या एलसीडी पडद्यात मागचा दिवा जळतच राहतो. पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली ओएलईडी फोनवर मोजले, तेव्हा नेहमीच्या मध्यम उजेडावर सरासरी ३ ते ९ टक्केच बचत दिसली.

तपासणीसाठी खिसा आड येऊ देऊ नये. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यातून गरजू शाळकरी मुलांना मोफत चष्मे मिळतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आणि अंगणवाडीत येते, त्यात नजरेचीही तपासणी असते. पथक कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारून त्या दिवशी मूल शाळेत राहील असे पाहावे. मोठ्यांनी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाचा नेत्र विभाग गाठावा. नंबर लिहून दिलेला कागद मात्र चष्मा मिळाल्यावर फेकून देऊ नये. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी नंबर किती वाढला हे डॉक्टरांना दाखवता येते.