महागडं ब्रिटिश बिस्किट चांगलं का लागतं? आधी प्रश्नाचे तुकडे पाडूया

लंडनहून नातेवाईक आले की बॅगेतून पत्र्याचा डबा निघतो. आत जाड, फिकट सोनेरी शॉर्टब्रेड. दोन खाऊन झाली की कुणीतरी म्हणतंच, "यांची चवच वेगळी!" पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवा. ते संशोधनाच्या प्रश्नासारखं दिसतं, पण अजून प्रश्न झालेलं नाही. चवीतलं नेमकं काय वेगळं, कशाच्या तुलनेत आणि ते मोजायचं कसं, यातलं काहीच त्यात नाही.

पहिली गोष्ट, "ब्रिटिश" हे कारण असू शकतं का? पुण्याच्या कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी आहे, १९५५ पासूनची. तिथली श्रूजबेरी बिस्किटं घ्यायला लोक रांग लावतात. नाव इंग्लंडमधल्या गावाचं, बेकरी इराणी मंडळींची, खाणारे आपण. म्हणजे देश बदलला तरी बिस्किट लोकप्रिय राहतं. तेव्हा देश बाजूला ठेवून घटक बघू.

चांगल्या स्कॉटिश शॉर्टब्रेडच्या पाकिटावर साधारण चारच घटक दिसतात: मैदा, लोणी, साखर, मीठ. जुनं प्रमाण वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. म्हणजे एकूण वजनाचा तिसरा हिस्सा लोणीच! मैद्यात पाणी घालून मळलं की प्रथिनांचं लवचिक जाळं तयार होतं, ते ग्लुटेन. स्निग्ध पदार्थ आधीच पिठाच्या कणांना चोळला तर पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही, जाळं अपुरं राहतं आणि बिस्किट तोंडात भुगा होतं.

हे आपल्याकडे नवीन नाही. करंजीच्या, शंकरपाळीच्या पिठात आपण मोहन घालतो आणि पिठाची मूठ वळते का ते बघतो. ती मूठ म्हणजे पिठाला पुरेसं मोहन लागलं की नाही याची चाचणीच आहे. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्दही आहेत. मारी बिस्किट कुरकुरीत, नानकटाई खुसखुशीत. शॉर्टब्रेडमधल्या "शॉर्ट"चा अर्थ हाच, खुसखुशीत. आता "चवच वेगळी" याचा एक नेमका तुकडा मिळाला: स्निग्ध पदार्थ बदलला तर खुसखुशीतपणा बदलतो का?

घरी करून बघायचं तर ५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, १५० ग्रॅम मैदा आणि चिमूटभर मीठ घ्या. एक सेंटीमीटर जाडीच्या वड्या पाडून १६० अंशांवर कडा हलक्या सोनेरी होईपर्यंत भाजा. दुसरा घाणा तुपाचा करायचाय? इथे बरेच जण १०० ग्रॅम लोण्याच्या जागी १०० ग्रॅम तूप घेतात आणि एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणी. तूप जवळजवळ सगळं स्निग्धांशच. म्हणून ८० ग्रॅम तूप आणि सुमारे १६ ग्रॅम पाणी घ्यायचं. तरी एक फरक उरतोच: लोण्यातली दुधाची प्रथिनं आणि दुग्धशर्करा. भाजताना त्यांच्यामुळे रंग आणि खमंगपणा येतो. तुपात ती जवळपास नसतात. तुलना करताना हे लिहून ठेवायचं.

तिसरा घाणा वनस्पती तुपाचा. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडात पूर्ण विरघळतं. वनस्पती तुपाचा काही भाग ३७ अंशांनाही घट्ट राहू शकतो. टाळूला चिकटल्यासारखं लागतं ते त्यामुळे. पण मेहरूणमध्ये मे महिन्यात हा प्रयोग दुपारी करायला जाऊ नका. ओट्यावरचं लोणी मळण्याआधीच तेल होईल. पहाटे करा, पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि खोलीचं तापमान वहीत नोंदवा. तेही एक व्हेरिएबलच आहे.

मग तो पत्र्याचा डबा कशासाठी? १९९१ साली ब्रिटनमध्ये जाफा केक हा केक की बिस्किट, असा कराचा वाद लवादापुढे गेला. इतर मुद्द्यांबरोबर एक निरीक्षण तपासलं गेलं: शिळा झाल्यावर केक कडक होतो, बिस्किट मऊ पडतं. कोरडं बिस्किट हवेतली वाफ ओढून घेतं. घट्ट झाकणाचा डबा ती अडवतो. आपल्याकडे जुलैत उघड्या ताटलीतलं बिस्किट आणि डब्यातलं बिस्किट दुसऱ्या दिवशी खाऊन बघा, फरक लगेच कळेल.

पण डबा डोळ्यांवरही काम करतो. किंमत आणि चित्र दिसलं की जीभ एकटी निर्णय घेत नाही. म्हणून त्रिकोणी चाचणी करा. प्रत्येकाला सारख्या आकाराचे तीन तुकडे द्या, दोन एकाच घाण्याचे, एक वेगळा. क्रम बदलत राहा, तुकड्यांना फक्त आकडी खुणा द्या आणि रंग लपवायला डोळ्यांवर पट्टी बांधा. वेगळा कोणता, एवढंच विचारा. नुसत्या अंदाजाने बाराजणांपैकी सरासरी चौघं बरोबर सांगतील. पाच टक्के पातळीवर फरक खरा मानायचा तर किमान आठजणांचं उत्तर बरोबर यायला हवं. सात आले तर "जवळपास सिद्ध झालं" असं लिहायचं नाही. आणि आठ आले तरी फरक आहे एवढंच कळतं, कोणतं जास्त आवडतं ते नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

मुलाखतीत "तुमचा विषय काय?" याच्या पाठोपाठ बहुतेक वेळा "मोजणार काय?" येतं. तिथे अडखळायचं नसेल तर सराव स्वयंपाकघरातून सुरू करा. एक प्रश्न देते: खानदेशातल्या दादर ज्वारीत ग्लुटेन होणारी प्रथिनं नसतात. मग मैद्याचा चौथा हिस्सा काढून तेवढंच दादरचं पीठ घातलं, तर कमी लोण्यातही तेवढाच खुसखुशीतपणा मिळेल का? काय बदलणार, काय स्थिर ठेवणार, काय मोजणार आणि कोणता निकाल आला तर तुमचं गृहीतक चुकीचं ठरेल, या चार ओळी ओव्हन लावायच्या आधी लिहा. चौथी ओळ सुचत नसेल तर प्रश्न अजून कच्चा आहे.