घरच्या विजेच्या कामाला भरवशाचा वायरमन : नाहूरच्या एका घरावरून



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा यांवर लिहावे. त्याने घरच्या वायरिंगमध्ये कशाला डोके घालावे, असे काहींना वाटेल. पण गट कार्यालयात बसलो की उसाच्या नोंदीबरोबर दुसऱ्याही गोष्टी निघतात. हल्ली एक गोष्ट वारंवार निघते. मुलाने मुंबईकडे जुनी खोली किंवा फ्लॅट घेतलेला असतो, वायरिंग नव्याने करायची असते, आणि तिकडे ओळखीचा माणूस कोणी नसतो. "साहेब, कुणाला सांगावं?" असे विचारतात. गावात मोटार भरणारा आपला मिस्त्री असतो, त्याच्या बापाला आपण ओळखतो. मुंबईत दार वाजवून आत आलेला माणूस कोण, कुठला, हे कळायला मार्ग नसतो. मला यातले फार कळत होते असे नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला चुलत भावाच्या घरी जे पाहिले त्यावरून कळले, आणि परत आल्यावर आपल्या कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागातील फोरमनकडून नीट समजून घेतले. तेच येथे मांडतो.

भाऊ नाहूरला राहतो. नाहूर म्हणजे मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले स्टेशन. हे स्टेशन २००६ साली झाले. त्याआधी तिथली माणसे भांडुपला नाहीतर मुलुंडला उतरत. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या कडेने उंच इमारती झाल्या आहेत, पण भावाची इमारत जुनी, चार मजली, चाळीसेक वर्षांची. एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक नसते. मुंबई शहरात वीज बेस्टची, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा यांची. पण भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यात वीज महावितरणची, म्हणजे आपल्या गावात येते तीच. बिल तसेच, नवीन जोडणीचे कागद तसेच. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते गावच्या घरालाही लागू पडते.

मी पोहोचलो त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, न्हाणीतल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. ओल्या हातानं तर जोरात." दोन महिन्यांपासून असे चालले होते. आधी एक वायरमन येऊन गेला होता. त्याने दारातूनच पाहून "गीझर गेला, नवा घ्या" असे सांगितले. भावाला खर्च नको होता, म्हणून त्याने दुसरा उपाय केला : प्लगमधली तिसरी, हिरवी तार कापून टाकली. मुंग्या कमी झाल्या, पैसे घेऊन तो गेला. घरच्यांना वाटले काम झाले.

मलाही तसेच वाटले असते. पण त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तीन वर्षांपूर्वी वायरिंगचे काम केलेला एक इलेक्ट्रिशियन होता, त्याला भावाने बोलावले. त्याने गीझरकडे पाहिलेच नाही. आधी मीटर कुठे आहे ते विचारले, खाली मीटर रूममध्ये जाऊन आला, मग स्विचबोर्ड उघडला आणि दोन तारांना बांधलेला साधा बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये धरला तेव्हा बल्ब झगझगीत पेटला. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये धरला तर अजिबात पेटला नाही. (हे घरी कोणी करून पाहू नये.) म्हणजे घरात अर्थिंगच नव्हते. तिसरे भोक होते, हिरवी तार होती, पण ती जमिनीपर्यंत पोहोचत नव्हती.

कारण पुढे सापडले. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधून मोकळे होण्याची रीत होती. नळ जमिनीत गेलेला, त्यामुळे गळणारी वीज जमिनीत जाई. पुढे सोसायटीने खालून वर येणारा नळ बदलून प्लॅस्टिकचा टाकला. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. घरातला नळाचा तुकडा मात्र लोखंडीच राहिला. गीझरचे कॉइल थोडे गळू लागले तेव्हा ती वीज हिरव्या तारेतून नळात आली, आणि पुढे वाट नसल्यामुळे तोटीवर येऊन बसली. पहिल्याने हिरवी तार कापली तेव्हा नळातली वीज कमी झाली खरी, पण गीझरचे पत्र्याचे अंग तसेच जिवंत राहिले. ओल्या अंगाने कोणी गीझरला हात लावला असता तर काय झाले असते हे सांगायला नको. घरात नऊ वर्षांची पुतणी आहे.

इथे थोडे थांबून सांगतो, कारण पुष्कळ जणांचा समज आहे की फ्यूज किंवा एमसीबी असली म्हणजे माणूस वाचतो. तसे नाही. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या पुढे गेल्यावर पडणार. माणसाचा जीव जायला त्याचा शंभरावा भागही पुरतो. माणसासाठी वेगळे यंत्र असते, आरसीसीबी. गेलेली आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते क्षणात बंद करते. आणि अर्थिंग नीट असेल तर माणसाने हात लावण्याआधीच ते पडते. दोन्ही हवीत. एक आहे म्हणून दुसरे नको, असे सांगणारा माणूस आपल्या कामाचा नाही.

आणखी एक वाईट सवय फोरमनसाहेबांनी सांगितली. काही जण अर्थिंग नसेल तर प्लगमध्ये हिरवी तार न्यूट्रलला जोडून देतात. टेस्ट केली तर बल्ब पेटतो, मालक खूश. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी फ्रीज, गीझर, धुण्याचे यंत्र, सगळ्यांच्या अंगावर पूर्ण दाब येतो.

तर मग भरवशाचा माणूस ओळखावा कसा? माझा अनुभव असा की, जो मोजण्याआधी भाव सांगतो त्याला चहा पाजून परत पाठवावे. आपण माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नका म्हणून गावोगाव सांगतो, त्यातलाच हा प्रकार. चांगला माणूस मीटर पाहतो, मुख्य तार किती जाडीची आहे ते पाहतो, अर्थिंग तपासतो, घरात काय काय चालते ते विचारतो, आणि मग भाव देतो. नाहूरच्या त्या माणसाला पाऊण तास लागला आणि त्याने त्या दिवशी आकडा सांगितलाच नाही.

दुसरी गोष्ट परवाना. मीटरच्या पुढचे वायरिंगचे काम परवानाधारकानेच करावे हा नियम नवा नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून तो आहे. ठेकेदाराला शासनाची अनुज्ञप्ती लागते आणि हाताने काम करणाऱ्याला तारतंत्रीचा परवाना. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम झालेली मुले पुढे हा परवाना घेतात. नाहूरच्या शेजारी मुलुंडलाही शासनाचे आयटीआय आहे. परवान्यावर नाव, क्रमांक आणि मुदत असते. मुदत संपलेली नाही ना, एवढे पाहावे. बऱ्याच वेळा असे होते की कागद ठेकेदाराचा असतो आणि भिंत फोडायला तिसराच पोरगा येतो. तेव्हा "काम करायला कोण येणार आणि तपासायला कोण येणार?" हे आधी विचारावे. विचारल्याचा राग येणारा माणूस असला तर आपले उत्तर आपल्याला मिळाले. परवाना असला म्हणजे माणूस प्रामाणिक असतोच असे मी म्हणत नाही, पण उद्या काही झाले तर निदान कोणाकडे जायचे ते कळते. नव्या जोडणीला किंवा भार वाढवायला महावितरणकडे परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावाच लागतो.

माणसाची चौकशी शेजाऱ्यांकडे करावी, पण काल झालेल्या कामाची नव्हे. कालचे काम सगळ्यांचेच छान दिसते. दोन-तीन पावसाळे काढलेले काम पाहावे. मुंबईची हवा खारी आणि दमट. वरच्या मजल्याच्या न्हाणीचे पाणी भिंतीत झिरपते. सैल जोड तिथे लवकर हिरवा पडतो. स्टेशनजवळच्या विजेच्या सामानाच्या दुकानदारालाही विचारावे, मात्र दुकानदार आणि वायरमन यांचे कमिशन ठरलेले असते हे ध्यानात ठेवून.

सामान कोणी आणायचे यावरून घरोघर वाद होतो. आमच्या भावाने सामानाची यादी वायरमनकडून लिहून घेतली आणि खरेदी स्वतः जाऊन, बिल घेऊन केली. मला ते पटले. तारेवर आयएसआयचे चिन्ह आणि आयएस ६९४ हा आकडा छापलेला असतो, तो पाहावा. साधारण रीत अशी की दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपिअरच्या प्लगला अडीचची, गीझर किंवा एसीला चारची. दोन हजार वॅटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर घेतो. तो सहा अँपिअरच्या छोट्या प्लगवर चालवला तर प्लग वितळणारच. भावाकडे तो तसाच होता, काळा पडलेला. जुन्या घरात ॲल्युमिनियमची तार असते. तिला तांब्याची तार नुसती पिळून जोडली की तो जोड तापतो. त्यामुळे "थोडी जुनी ठेवू, थोडी नवी टाकू" हा स्वस्त मार्ग पुढे महाग पडतो.

एमसीबी वारंवार पडते म्हणून मोठी बसवून देणारे लोक असतात. आपण हसू नये. मोटारीच्या फ्यूजला जाड तार बांधून पाणी दाबून काढायची आपली खोड जुनी आहे, आणि मोटार जळाली की व्होल्टेजला शिव्या द्यायच्या. मी स्वतः हे केलेले आहे, कृषी पदविका घेतल्यानंतर.

पैशाचे म्हणाल तर मजुरी पॉइंटवर ठरते. पॉइंट कशाला म्हणायचे हेच आधी लिहून घ्यावे. एका बोर्डावरचे चार स्विच म्हणजे चार पॉइंट की एक, यावरून शेवटी भांडण होते. भिंत फोडल्यावर सिमेंट कोण भरणार, राडारोडा कोण उचलणार, हेही लिहावे. मुंबईत सोसायटीची परवानगी आधी घ्यावी लागते, फोडाफोडीच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि तुळई व खांब यांना हात लावू देत नाहीत. पैसे तीन टप्प्यांत द्यावेत. शेवटचा टप्पा बऱ्यापैकी मोठा ठेवावा आणि तो तपासणी होईपर्यंत देऊ नये. तपासणी म्हणजे दिवा लागला, पंखा फिरला एवढी नव्हे. मेगर नावाच्या यंत्राने तारांचे इन्सुलेशन मोजून घ्यावे. ते एक मेगओहमच्या वर हवे. प्रत्येक प्लगचे अर्थिंग आपल्यासमोर तपासावे. आरसीसीबीवर तपासणीचे बटण असते, ते दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. पुढेही महिन्या-दोन महिन्यांनी घरच्या माणसाने ते दाबून पाहावे.

मीटरला आणि त्याच्या सीलला मात्र खासगी माणसाला हात लावू देऊ नये, तो कितीही जाणकार असला तरी. मीटरपर्यंतचे काम महावितरणचे, पुढचे आपले. मीटरशी छेडछाड हा २००३ च्या वीज कायद्याने गुन्हा आहे आणि तो ग्राहकाच्या नावावर चढतो. याची दुसरी बाजूही आहे. गावात घरची फिटिंग बिघडली की आपण बोर्डाच्या वायरमनला गाठतो आणि जाताना हातावर काही ठेवतो. तो बिचारा खांबावरची कामे टाकून येतो. घरातले काम हे त्याचे काम नव्हे.

नाहूरला शेवटी काय झाले ते सांगायचे राहिले. त्या इलेक्ट्रिशियनने तिसऱ्या दिवशी कागदावर अंदाज दिला. पहिल्या दोघांपेक्षा तो जास्त होता आणि भाऊ कुरकुरला. मीटर रूममधल्या अर्थिंगपासून वर घरापर्यंत स्वतंत्र हिरवी तार ओढणे हा त्यातला मोठा खर्च. वहिनी म्हणाल्या, "गीझर नवा घेतला असता तरी मुंग्या पुन्हा आल्याच असत्या की!" मग काम झाले. चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी त्याने जुना गीझर नव्या प्लगला लावला, आणि स्विच दाबताच आरसीसीबी पडली. तेव्हा कुठे कॉइल बदलले. गीझर तोच आहे. इमारतीतल्या बाकीच्या घरांचे अर्थिंगही त्याच नळाला बांधलेले असणार, म्हणून भावाने सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी पत्र दिले. त्यांनी सभेपुढे ठेवतो म्हणून सांगितले आहे. मी निघालो तोपर्यंत सभा झाली नव्हती.

त्या कामाच्या अंदाजपत्रकाची आणि तपासणीच्या कागदाची प्रत मी नावे झाकून आणली आहे. आपल्या किंवा मुलांच्या घरचे काम निघाले असेल त्यांनी गट कार्यालयात येऊन ती पाहावी, हवी तर उतरवून घ्यावी. येताना खोडव्याची नोंद राहिली असेल तर सात-बाराचा उताराही सोबत आणावा.

— ऊस विकास अधिकारी