बारीक अक्षरांतली सायकल

पंधरा-वीस हजार रुपये हाताशी धरून पहिल्या लांबच्या प्रवासासाठी ऑनलाइन सायकल शोधायला बसलं, की तीन गोष्टी ठळक अक्षरांत समोर येतात: २१ गिअर, पुढेमागे डिस्क ब्रेक आणि पुढच्या चिमट्याला सस्पेन्शन. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे तेवढ्याच पैशात आता थोडं अधिक पदरात पडतं. तरीही या किमतीत प्रत्येक शंभराच्या नोटेची ओढाताण असते. दिसणाऱ्या भागावर जो खर्च होतो तो न दिसणाऱ्या भागातून, म्हणजे चाकं, हब, बेअरिंग यांतून वजा होतो. सामान लादून रोज साठ-सत्तर किलोमीटर जायचं असेल तर सायकल साथ देणार की नाही, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेल्या चार गोष्टी सांगतात: सगळ्यांत हलका गिअर, कॅरिअर बसवायची भोकं, फ्रेमचं माप आणि टायरचं माप. त्या चार नीट वाचल्या, तर बहुतेक वेळा निवड एका साध्या, ताठ चिमट्याच्या हायब्रिड सायकलवर येऊन थांबते.

गिअरपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत मोठी फसगत इथेच होते. २१ म्हणजे पुढची तीन चक्रं गुणिले मागची सात, एवढंच. त्यातले बरेच गिअर एकमेकांच्या जवळपासच असतात, आणि चढावर उपयोगी पडतो तो एकच, सगळ्यांत हलका. तो शोधायचा तर दात्यांचे आकडे पाहावेत. पुढचं सर्वांत लहान चक्र २४ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं २८चं असेल, तर पायडलच्या एका फेरीत साधारण ७०० × ३५चं चाक १.८६ मीटर पुढे जातं. पुढे ४२चं एकच चक्र आणि मागे २८ असेल, तर त्याच एका फेरीत सव्वातीन मीटर, म्हणजे पायांवर जवळजवळ पावणेदोन पट भार. हा फरक कळायला रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. सागरी मार्गाने गोव्याकडे जाणारे सायकलस्वार आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा खाड्या फेरीबोटीत सायकल घालून ओलांडत आले आहेत. बोट पाण्याच्या पातळीवर सोडते आणि रस्ता लगेच जांभ्याच्या सड्यावर चढतो. सड्यावर चार-सहा किलोमीटर सपाटी मिळते, की पुन्हा उतरून पुढची खाडी. कसारा किंवा बोरघाट एकदा चढला की संपतो. हा रस्ता दिवसातून तसले पाच-सहा छोटे घाट चढवतो, तेही पाय गरम व्हायच्या आत. तिथे गिअरची संख्या कुणी मोजत नाही. पानावर दात्यांचे आकडेच नसतील तर विक्रेत्याला विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही तर ती सायकल सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट फोटो मोठा करून पाहावी लागते. मागच्या चाकाचा एक्सल फ्रेमला जिथे बसतो तिथे, किंचित वर, आटे पाडलेलं पाच मिलिमीटर बोल्टचं बारीक भोक आहे का? सीटखालच्या दोन नळ्यांवर तशीच आणखी दोन भोकं आहेत का? ती असतील तर कॅरिअर चार ठिकाणी घट्ट बसतं आणि वजन थेट एक्सलपाशी उतरतं. नसतील तर सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरिअर उरतं. ते कमी वजन पेलतं आणि खड्ड्यांत डावी-उजवीकडे फिरतं. याच जागेशी आणखी एक दुबळेपण जोडलेलं आहे. स्वस्त सात गिअरच्या सायकलींत मागची दातेरी चक्रं बहुधा हबवर फिरवून बसवलेल्या फ्रीव्हीलची असतात. त्या रचनेत उजवीकडचं बेअरिंग आत राहतं, एक्सलचं टोक आधाराशिवाय लांब पडतं, आणि मागे भार वाढला की ते वाकतं, कधी तुटतं. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असल्याने हा त्रास कमी होतो. बजेटमध्ये कॅसेट बसत असेल तर बाकी कशाच्याही आधी ती घ्यावी. बसत नसेल तर सामान दहा-बारा किलोंवर ठेवावं आणि त्यातलं थोडं हँडलवरच्या पिशवीत न्यावं.

आपल्या रस्त्यांवर सस्पेन्शन नको म्हणणं चैनीचं आहे, असा आक्षेप इथे येईल. रस्ते वाईट आहेत, यात वाद नाही. पण या किमतीतल्या शॉकरमध्ये साधी स्प्रिंग असते. चढावर उभं राहून पायडल मारलं की ती दबते आणि पायांची ताकद खाते, शिवाय साध्या चिमट्यापेक्षा जड असते. सामानाचा आणि अंगाचा बहुतेक भार मागच्या चाकावर असतो, तिथे पुढच्या स्प्रिंगचा काहीच उपयोग नाही. रुंद टायर आणि त्यात थोडी कमी हवा हा उपाय दोन्ही चाकांना लागू पडतो आणि त्याला दुरुस्ती लागत नाही. म्हणून ३५ मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर घेऊ नये. डिस्क ब्रेकच्या बाबतीत मात्र आक्षेप निम्मा तरी मान्य करायला हवा. पावसात रिमवरचे ब्रेक पहिल्या फेऱ्यांना नीट धरत नाहीत, लाल चिखलात त्यांचे रबर भराभर झिजतात. जुलैत कोकणात उतरणार असाल तर डिस्क घ्याच. फक्त मागचा कॅलिपर कॅरिअरच्या दांड्याला आडवा येत नाही ना, हे आधी पाहून घ्या. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत निघणाऱ्याला रिम ब्रेक पुरतात आणि ते कुठल्याही दुकानात दुरुस्त होतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९२३ साली मुंबईहून सहा तरुण पारशी सायकलवर जगप्रवासाला निघाले, त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं १९२८ साली तो पूर्ण करून परतले. मग आजच्या माणसाला एवढा कीस पाडायची गरज काय? जिद्दीपुढे साधन लहान ठरतं, हे खरंच आहे. दूधवाल्याची काळी सायकल, मागे ४० स्पोकांचं चाक घेऊन, रोज या हायब्रिडच्या दुप्पट ओझं वाहते. पण तिला चढावर गिअर नसतो आणि तिचं वजन वीस किलोंच्या आसपास जातं. सपाट विदर्भात ती चांगली चालेल, सड्यावर ती ढकलत न्यावी लागेल. पहिल्याच प्रवासात गुडघे दुखले तर माणूस दुसऱ्या प्रवासाला निघत नाही, आणि मला काळजी त्या दुसऱ्या प्रवासाची आहे.

गुडघ्यांवरून मापाकडे येऊ. दुकानात सायकलवर बसून बघता येतं, ऑनलाइन घेताना तेवढंच येत नाही, आणि '१८ इंची फ्रेम' प्रत्येक कंपनी वेगळ्या ठिकाणाहून मोजते. त्यामुळे स्वतःचं माप घरीच घ्यावं: भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभं राहायचं, जाडसर पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर दाबायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायचा. फ्रेमच्या आडव्या दांड्याची उंची या मापापेक्षा तीन-पाच सेंटिमीटर तरी कमी हवी. चुकीच्या मापाची सायकल म्हणजे सदोष सायकल नव्हे, म्हणून ती परत घेतील की नाही हे पैसे भरण्याआधी वाचावं. तुटलेला किंवा वर्णनाशी न जुळणारा माल मात्र २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याला नाकारता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात द्यावं लागतं. तसं झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवावा.

टायरचा आकडा थोडक्यात. २६ इंची म्हणून विकले जाणारे टायर किमान तीन मापांचे असतात, ५५९, ५८४ आणि ५९०, आणि ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. टायरच्या बाजूला ३७-६२२ असा आकडा कोरलेला असतो. त्यातला दुसरा भाग रिमचा, तोच खरा. शहराबाहेर ६२२चा टायर मिळणं कठीण, ५५९चा मिळतो. ६२२ घेणाऱ्याने दोन ट्यूब सोबत ठेवाव्यात, त्याही मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येईल.

सगळे पैसे सायकलवरच घालू नयेत; पाचवा हिस्सा कॅरिअर, ट्यूब, पंप आणि जोडणीसाठी मागे ठेवावा. खोक्यात सायकल अर्धवट जोडलेली येते: हँडल वळवलेलं, पुढचं चाक, सीट आणि पायडल सुटे. त्यात डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं, नाहीतर क्रँकचे मऊ अॅल्युमिनियमचे आटे पहिल्याच दिवशी जातात. तेवढं स्वतः जमलं तरी चाकं एकदा मिस्त्रीला दाखवून आउट काढून घ्यावी. नवे स्पोक बसता बसता सैल पडतात, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गावातच फिरावं, पुन्हा त्याच मिस्त्रीकडून ते आवळून घ्यावेत, आणि मग कॅरिअरवर सामान बांधावं.