पावणेअठ्ठ्याण्णव टक्के आणि खडीच्या कामावरील हजेरी

यशवंतराव चव्हाण यांनी अर्थमंत्री या नात्याने १९७१ साली लोकसभेपुढे जो अर्थसंकल्प मांडला, त्याने प्राप्तिकराचा कमाल दर ९७.७५ टक्क्यांवर नेऊन ठेवला. दोन लक्ष रुपयांपलीकडील उत्पन्नावर ८५ टक्के मूळ कर व त्या करावर १५ टक्के अधिभार अशी ती आकारणी होती; म्हणजे त्या पायरीवर मिळविलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी पावणेअठ्ठ्याण्णव सरकारी खजिन्यात जावयाचे आणि मिळविणाऱ्याच्या हाती सव्वादोन उरावयाचे. त्याच वर्षी १५ लक्षांवरील संपत्तीवर ८ टक्के संपत्तिकर बसला. आता ज्याची संपत्ती व उत्पन्न या दोन्ही मर्यादा ओलांडून गेली आहेत, अशा गृहस्थाने एक लक्ष रुपये दहा टक्के परताव्याने गुंतविले, तर येणाऱ्या दहा हजारांतून प्राप्तिकर वजा जाता सव्वादोनशे रुपये शिल्लक राहात आणि संपत्तिकराचे आठ हजार मुद्दलातून काढून द्यावे लागत.

हा दर ज्यांनी ठेवला त्यांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. देवराष्ट्रे गावच्या एका गरीब घरातून आलेल्या या मुत्सद्द्याला विषमतेची ओळख कोष्टके वाचून व्हावयाची नव्हती. प्रश्न हेतूचा नसून वसुलीचा आहे. आणि जो कर कागदावर आकारला जातो पण पदरात पडत नाही, त्याने कोणाचे दारिद्र्य हटते, याचा शोध घेताना त्याच दशकात, त्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या दुसऱ्या एका अगदी लहान कराकडे वळल्यावाचून मला पुढे जाता आले नाही.

प्राप्तिकर या देशात आला तो १८५७ च्या उठावाने रिकामा झालेला खजिना भरण्याकरिता. सरकारचे अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी तो १८६० साली बसविला. पुढे तो कधी उठविला गेला, कधी नाव पालटून परत आला, आणि १८८६ च्या कायद्याने स्थिर झाला. दोन हजारांवरील उत्पन्नास रुपयामागे पाच पै, म्हणजे शेकडा अडीचहून थोडा अधिक, असा त्याचा दर होता आणि शेतीचे उत्पन्न त्यातून वगळलेले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली केंद्रीय कायदेमंडळात आपले पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले, तेव्हा करमाफीची मर्यादा पाचशे रुपयांवरून एक हजारावर न्यावी आणि मिठावरील कर उतरवावा, अशा दोन्ही मागण्या त्यांनी एकत्र मांडल्या, व पुढच्याच वर्षी त्या बव्हंशी मान्य झाल्या. अल्प वेतनाचा कारकून आणि मीठभाकरीवर राहणारा मजूर या दोघांचा विचार एकाच हिशेबात करण्याची ही दृष्टी पुढील काळात पुष्कळदा सुटलेली दिसते.

स्वातंत्र्यानंतर चिंतामणराव देशमुखांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात, १९५३ साली, मृत्युकर आला. १९५६ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी भारत सरकारला जो अहवाल दिला, त्याचा गाभा असा की संपत्ती, खर्च, देणगी व भांडवली नफा यांवर कर बसवावेत, हे सर्व एकाच विवरणपत्रात यावेत, म्हणजे एका करातून लपविलेली रक्कम दुसऱ्यात उघडी पडेल. आणि इतके झाल्यावर प्राप्तिकराचा कमाल दर मात्र ४५ टक्क्यांपलीकडे नेऊ नये. सरकारने कर घेतले आणि अट सोडली. खर्चकर १९६२ साली रद्द झाला, परत आला, पुन्हा १९६६ साली गेला. जाळ्याचे धागे असे एकेक तुटत असता प्राप्तिकराचा दर तेवढा वर चढत राहिला.

याचा परिणाम काम करणाऱ्यावर व धंदा उभारणाऱ्यावर काय झाला? माणसे काम करीनाशी झाली, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. घडले ते असे की श्रमाची दिशा बदलली. पगार रोखीत वाढवून घेण्यापेक्षा कंपनीचा बंगला, मोटार व नोकरचाकर घेणे शहाणपणाचे ठरले; हिंदू अविभक्त कुटुंब ही धर्मशास्त्रातील संस्था करसल्लागाराच्या दफ्तरातील हत्यार बनली; व्यवहाराचा काही भाग धनादेशाने व काही रोखीने, हा शिरस्ता जमीनजुमल्याच्या खरेदीत रूढ झाला. ज्याच्या पाठीशी कंपन्यांची साखळी होती त्याला नफा तिच्यातच राखून ठेवता येई, कारण कंपनीवरील दर त्या मानाने खालचा होता. परंतु स्वतःच्या नावावर किंवा भागीदारीत कारखाना काढून मिळकतीतून पुढचे यंत्र विकत घेऊ पाहणाऱ्या नव्या उद्योजकाचा नफा वैयक्तिक दरांच्या चढत्या पायऱ्यांवर मोजला जाई. बड्या घराण्यांना लगाम घालण्याकरिता योजलेला कर त्यांच्या भावी प्रतिस्पर्ध्याला अधिक जाचला, हे मला या धोरणाचे सर्वांत मोठे अपयश वाटते.

माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने १९७१ च्या अखेरीस अहवाल दिला. १९६८-६९ या एका वर्षात कर चुकविलेले उत्पन्न तिने १,४०० कोटी रुपये धरले, करचुकवेगिरीच्या कारणांत अतिउच्च दरांना अग्रस्थान दिले व कमाल दर अधिभारासह ७५ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली. १९७४ साली यशवंतरावांनी स्वतःच तो ७७ टक्क्यांवर उतरविला. पुढे १९७६ साली तो ६६, १९८५ साली ५० आणि १९९७ साली ३० टक्के झाला.

येथे विरुद्ध बाजूचा पुरावा टाळून चालणार नाही. अर्थशास्त्रज्ञ तोमा पिकेटी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अनुमानाप्रमाणे राष्ट्रीय उत्पन्नातील वरच्या एक टक्का लोकांचा वाटा १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत सुमारे ६ टक्के इतका खाली आला होता, आणि २०२२ च्या सुमारास तो २२ टक्क्यांच्या वर गेला. मग चढा दरच गुणकारी होता, असे म्हणावे काय? परवाने, राष्ट्रीयीकरण व मंदावलेला व्यापार यांचाही त्या काळावर प्रभाव होता. शिवाय ही अनुमाने मुख्यतः करविवरणांवरच आधारलेली असल्यामुळे, जे उत्पन्न लपविले गेले ते त्यांत पुरतेपणी दिसणे कठीण. तरीही आजचा २२ टक्क्यांचा आकडा मला अस्वस्थ करतो, आणि दर उतरले म्हणजे न्याय झाला, असे मानणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसू शकत नाही.

आता त्या लहान कराकडे, आणि तो ज्या रोजगार हमीकरिता बसला तिच्याकडे येऊ. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे. मागेल त्या धडधाकट माणसाला सरकारने काम द्यावे, या त्यांच्या विचाराचा प्रयोग प्रथम त्याच तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळाने त्या प्रयोगाची निकड राज्यभर पटविली. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लक्षांच्या घरात गेली होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते अशा कामांवर मुकादमाच्या हजेरीपटात नाव लागले की आठवड्याचा पगार मिळे, आणि त्या हजेरीपटात स्त्रियांची नावे फार मोठ्या प्रमाणात असत. परंतु दुष्काळ सरल्यावरही हमी टिकवावयाची तर पैसा कोठून आणावा? महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांच्या मिळकतीतून अल्प रक्कम कापून ती रोजगार हमीसाठी राखली, जोडीला विक्री, मोटारी व बागायत जमिनी यांवरील जादा आकारणी लावली आणि तितकीच रक्कम सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालावी, असे ठरविले. हमीचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या व्यवस्थेत मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया माण, आटपाडी किंवा बीडकडील बाईच्या हाती मजुरी होऊन पोहोचे, आणि तो पगारातूनच कापला जात असल्याने लपविण्यास वाव नव्हता. काम मागण्याचा हक्क हाती आल्यावर गावच्या बागायतदाराशी मजुरीबद्दल बोलताना त्या बाईचा आवाज बदलला. खोट्या नावांचे हजेरीपट भरले गेले, कामे अर्धवट सुटली, हे खरेच. पण १९९० पासून याच योजनेस फळबागांची जोड मिळाली व कोरडवाहू शेतकऱ्याच्या माळावर आंबा, बोर, डाळिंब उभे राहिले; अनेकांचा तो पहिला उद्योग होता. २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदा याच अनुभवाच्या पायावर उभा राहिला.

या कराचा दोष मात्र गंभीर आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये ठेवली होती, ती १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने २,५०० झाली आणि तेथेच थांबली. महाराष्ट्रात आज ते दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० असे कापले जातात. २०२३ साली स्त्रियांना मासिक २५,००० पर्यंत माफी मिळाली, ही गोष्ट स्वागतार्ह. परंतु महिना १२,००० मिळविणारा पहारेकरी आणि वर्षाला एक कोटी घेणारा संचालक हे दोघेही तेच २,५०० भरतात, म्हणजे पहिल्याच्या मिळकतीचा पावणेदोन टक्के भाग जातो आणि दुसऱ्याच्या मिळकतीचा शतांश टक्क्याच्या अडीचपट. पहारेकऱ्याला पूर्ण माफी देऊन वरच्या उत्पन्नावर हा कर टक्केवारीने बसवावा आणि त्याचा पैसा पूर्वीप्रमाणे केवळ मजुरीच्या कामालाच बांधून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माफी देणे राज्याच्या हाती आहे. २,५०० ची मर्यादा उठविण्यास मात्र घटनादुरुस्ती हवी, आणि तो अधिकार संसदेचा आहे.