ऑर्डरचा माल, गिऱ्हाइकाचा नकार आणि इमामांचे मत

एखाद्या सुताराने ऑर्डर घेऊन कपाट बनविले. माप, लाकूड, किंमत सर्व आधी ठरलेले. माल तयार झाल्यावर गिऱ्हाईक म्हणते, "आता नको." शरीअतनुसार त्याला असे मोकळे होता येते काय? या एका प्रश्नावरून 'इज्तिहाद' आणि 'तक्लीद' म्हणजे काय, हे नीट समजते.

कुरआन व हदीसमधील पुराव्यांवरून स्वतः निर्णय काढणे म्हणजे इज्तिहाद. त्याला अरबी भाषा, हदीस व फिकहचे सखोल ज्ञान लागते. ज्याच्याजवळ ते नाही, त्याने जाणकार इमामांच्या निर्णयावर भरवसा ठेवून वागणे म्हणजे तक्लीद.

जवळ नसलेला माल विकू नये, असा हदीसचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून शाफई मसलकात ऑर्डरचा व्यवहार 'सलम'च्या अटींवरच चालतो: मालाचा तपशील ठरवायचा आणि पूर्ण किंमत त्याच बैठकीत मोजायची. हनफी फुकहांनी मात्र लोकांची जुनी वहिवाट पाहून 'इस्तिस्ना' या नावाने त्याला परवानगी दिली. यात किंमत नंतरही देता येते.

पण नकाराचे काय? कूफा शहरात स्वतः कापडाचा व्यापार करणारे इमाम अबू हनीफा (रह.) (वफात इ.स. 767) यांच्या मते, माल पाहिल्यावर तो घेण्याचा वा न घेण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) (वफात इ.स. 798) म्हणतात, माल ठरल्याप्रमाणे असेल तर नाकारता येत नाही, कारण एकाच्या मापाची वस्तू दुसरा त्याच भावाने घेईलच असे नाही, आणि नुकसान कारागिराचे होते. शिष्याने उस्तादांचा आदर राखला, पण मत स्वतःचे दिले.

पुढे उस्मानी सल्तनतीत 1869 ते 1876 या काळात 'मजल्ला' हा कायदा तयार झाला. तोफा, आगबोटी ऑर्डरवर बनू लागल्या होत्या. तेव्हा हनफी आलिमांनी कलम 392 मध्ये करार दोन्ही बाजूंना बंधनकारक ठरविला. माल ठरल्याप्रमाणे नसेल तरच गिऱ्हाइकाला नकाराचा हक्क ठेवला. 1992 साली जेद्दाह येथे इस्लामी फिकह अकादमीनेही हा करार उभयतांवर बंधनकारक मानला. मात्र मालाचा प्रकार, दर्जा, माप आणि मुदत ठरलेली हवी. किंमत हप्त्यांनी देण्यास हरकत नाही.

म्हणजे तक्लीदमुळे विचाराचे दार बंद झाले नाही. पण ते दार जाणकारांनी उघडले, सोयीसाठी कोणा गिऱ्हाइकाने नव्हे. किंमत उधार ठेवताना हनफी आणि कारागीर हप्ता मागायला आला की शाफई, असे वागणे हा इज्तिहाद नव्हे. ती पळवाट आहे.

आपल्याकडे कोकणातील मुस्लिम बहुसंख्येने शाफई, तर घाटावरील बहुतेक हनफी. कारागीर एका मसलकाचा, गिऱ्हाईक दुसऱ्या, असे सहज घडते. म्हणून वाद होण्यापूर्वीच आपल्या आलिमांना विचारावे आणि ठरलेले सर्व ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी आज्ञा सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहेच. बयाणा घेण्याआधी लिहिलेल्या चार ओळी कारागिराची मेहनतही वाचवतात आणि गिऱ्हाइकाचे इमानही.