प्रेअरीतील गहू : कापणी, सुकवण आणि विक्री

माळव्यात किंवा दख्खनमध्ये रब्बीचा गहू पिकतो तो वाढत्या उन्हात. होळीच्या सुमारास ओंब्या पिवळ्या पडल्या की पुढचा प्रत्येक दिवस अधिक कोरडा असतो. धास्ती असते ती एखाद्या अवकाळी पावसाची वा गारपिटीची. कॅनडातील प्रेअरी प्रदेशाची गोष्ट नेमकी उलट आहे. मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांत पसरलेल्या त्या सपाट मुलखात गहू मुख्यतः मे महिन्यात पेरतात आणि ऑगस्टच्या उत्तरार्धापासून कापावयास घेतात. तेथील पीक हिवाळ्याच्या तोंडावर पक्व होते. दिवस लहान होत जातात, रात्रीचे दव सकाळी उशिरापर्यंत वाळत नाही आणि सप्टेंबरात केव्हाही गोठविणारी थंडी पडू शकते. वर्षभराची कमाई या थोड्या आठवड्यांत पदरात पडावयाची, नाही तर हातची जावयाची.

या शर्यतीत शेतकऱ्याला पहिला मोठा आधार मिळाला तो बियाण्याचा, आणि त्याचा एक धागा हिंदुस्थानाशी जुळलेला आहे. ‘रेड फाइफ’ हा तेथील जुना गहू उत्तम खरा, पण उशिरा पिकणारा. ‘हार्ड रेड कलकत्ता’ या हिंदुस्थानी गव्हाशी त्याचा संकर झाला आणि त्या संततीतून विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स साँडर्स यांनी ‘मार्क्विस’ हे वाण निवडले. ते सुमारे आठवडाभर आधी तयार होई. एवढ्या थोड्या दिवसांमुळे, जेथे पूर्वी थंडी पिकाला गाठीत असे, तेथेही गहू हमखास घेता येऊ लागला.

तथापि कापणी नेमकी केव्हा करावी हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. दाण्यातील ओलावा साधारण पस्तीस टक्क्यांवर आला की त्याची वाढ पुरी होते. पुढे उरते ते केवळ वाळणे. कोरडा म्हणून गणला जाण्यासाठी गव्हात साडेचौदा टक्क्यांहून अधिक ओलावा असता कामा नये. उभ्या पिकातला हा ओलावा ऊन-वारा फुकट काढून नेतो; म्हणून थांबावे असे वाटते. पण थांबण्यात जोखीम आहे. पक्व पिकावर पाऊस लागून राहिला तर दाण्याचा रंग उडतो. मग ओंबीतच मोड येऊ लागतात. मोड येताना दाण्यातील पाचक द्रव्य पिठाचे सत्त्व तोडू लागते आणि अशा पिठाचा पाव चिकट होतो. मग पहिल्या प्रतीचा गहू खालच्या प्रतीत, प्रसंगी जनावरांच्या खाद्यात जमा होतो. वजन तेच, पण मोल मात्र पुष्कळच उतरते.

म्हणून अनेक शेतकरी सतरा-अठरा टक्क्यांवरच कापणी-मळणीचे यंत्र शेतात घालतात आणि उरलेला ओलावा घरी काढतात. याचे दोन मार्ग आहेत. कोठीच्या तळातून मोठ्या पंख्याने साधी हवा खेळवणे हा पहिला. तो स्वस्त, पण बाहेरची हवा उबदार व कोरडी असेतोवरच उपयोगी. ऑक्टोबरच्या गारठ्यात हे काम जवळजवळ थांबते. दुसरा मार्ग गॅसवर चालणाऱ्या सुकवणी यंत्राचा. ते जलद काम करते. परंतु इंधनाचा खर्च येतो, आणि उष्णता बेताबाहेर गेली तर पावासाठी लागणारा गव्हाचा चिवटपणा नष्ट होतो. बियाण्याला तर त्याहूनही मंद आच लागते.

येथे आणखी एक हिशेब असतो. अठरा टक्के ओलाव्याचा शंभर टन गहू साडेचौदावर आणला, तर साडेतीन टनच घटतील असे वाटते. प्रत्यक्षात त्यात कोरडा अंश ब्याऐंशी टन असतो. तो साडेपंच्याऐंशी टक्के व्हावा यासाठी एकूण वजन सुमारे ९५.९ टनांवर येते. म्हणजे घट ४.१ टनांची. इंधन, घट आणि मजुरी यांची बेरीज एका पारड्यात, आणि ओल्या मालावर गिऱ्हाईक कापील ती रक्कम दुसऱ्या पारड्यात, असे तोलून मग सुकवावे की तसाच विकावा हे ठरते.

कोठीत माल पडला म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. उन्हाळ्याच्या उबेत भरलेली रास हिवाळ्यात कडेने थंड होते, पण मध्यभागी ऊबदारच राहते. कडेची थंड हवा खाली उतरते, मधली उबदार हवा वर चढते आणि माथ्याशी ओल साठवते. तेथेच बुरशी व कीड लागते. म्हणून कोरडे धान्यही पंख्याने लवकर थंड करून ठेवावे लागते.

विक्रीचा निर्णय पूर्वी बराचसा शेतकऱ्याच्या हाती नव्हता. १९३५ साली स्थापन झालेले कॅनेडियन व्हीट बोर्ड १९४३ पासून प्रेअरीतील गव्हाची एकहाती विक्री करी व सर्वांच्या उत्पन्नाची सरासरी काढून पैसे वाटी. १ ऑगस्ट २०१२ रोजी ही सक्ती संपली. तेव्हापासून प्रत्येकाला स्वतःच वायदेबाजाराचा भाव आणि गावच्या कोठाराचा भाव यांतील अंतर पाहावे लागते. २०१३ च्या विक्रमी पिकानंतर रेल्वेची वाहतूक तुंबली, तेव्हा हे अंतर फार वाढले. मार्च २०१४ मध्ये सरकारला दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांवर धान्यवाहतुकीची किमान मर्यादा घालावी लागली. म्हणून सावध शेतकरी काही माल कापणीपूर्वी कराराने बांधतो, काही खळ्यावरूनच विकून कर्जाचे हप्ते भागवतो आणि उरलेला कोठीत राखतो. सारे पीक आधीच बांधणे मात्र धोक्याचे. पावसाने प्रत उतरली, तर करारातला माल द्यावयाचा कोठून?

२०१९ च्या शरदात पाऊस आणि लवकर आलेला बर्फ यांमुळे पुष्कळ पीक शेतातच राहिले व ते २०२० च्या वसंतात कापावे लागले. त्या वर्षी ओला गहू वेळीच घरी आणून सुकविणाऱ्यांना इंधनाचे बिल भारी पडले खरे. पण त्यांचा गहू बर्फाखाली गेला नाही. प्रेअरीतला शेतकरी सप्टेंबरात पहाटे उठून मूठभर दाणे ओलावामापकात घालतो, तो याच जमाखर्चाचा पहिला आकडा वाचण्यासाठी.